मदत हवी आहे: रासेयो शिबिरात जात्यावरच्या ओव्यांचा कार्यक्रम कसा उभा करावा?

नमस्कार मंडळी,

मी एस.वाय. बी.ए.ला आहे, पाटण तालुक्यात. आमच्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेची (रासेयो) यंदाची विद्यार्थी प्रतिनिधी आहे. जानेवारीत संक्रांतीनंतर दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर आहे, साधारण ५० मुलंमुली. त्यासाठी मार्गदर्शन हवंय. जरा सविस्तर लिहिते, कारण अडचण नेमकी कुठे आहे ते मलाही लिहितानाच कळेल असं वाटतंय.

गेल्या वर्षी दिवसाचं काम छान झालं. सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान. रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घातला, दोन दिवसांत पाणी अडलेलं डोळ्यांनी दिसलं. गावातले बाप्येही फावडी घेऊन आले होते. पण संध्याकाळचा सांस्कृतिक कार्यक्रम पडला. व्यसनमुक्तीचं पथनाट्य, हुंड्यावरची नाटिका, समूहगीतं, सगळं आमचंच. पहिल्या दिवशी देवळासमोरचं पटांगण भरलं. चौथ्या दिवशी लहान पोरं आणि आम्हीच. मला तेव्हा गावाचा राग आला होता.

मग सहाव्या दिवशी ग्रामसर्वेक्षणाचा फॉर्म भरायला एका आजींकडे गेले. घरात किती माणसं, शौचालय आहे का, असले प्रश्न विचारत होते. त्यांनी सगळी उत्तरं दिली आणि मग मलाच एक प्रश्न विचारला, "बाई, तुमच्या त्या माइकवर म्हाताऱ्या मानसांना गाऊ देत्यात का?" त्यांना जात्यावरच्या ओव्या येतात. किती, ते त्यांनाच माहीत नाही. मी म्हणाले, पुढच्या वर्षी नक्की, आजी.

ते पुढचं वर्ष आता आलंय. २४ सप्टेंबरला रासेयो दिनाला मी भाषण केलं, की ही योजना १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात ३७ विद्यापीठांत सुरू झाली, तिचं ब्रीद ‘नॉट मी, बट यू’. बोलता बोलता आजी आठवल्या आणि पुढचं वाक्य सुचेना.

सरांनी (कार्यक्रम अधिकारी) दोन संध्याकाळी द्यायचं कबूल केलंय. आता प्रश्न:

बायका दिवसभर रानात असतात. त्यांना गोळा कसं करायचं? गेल्या वर्षी मी गटप्रमुख होते आणि सगळं स्वतःच करत बसले, शेवटी ताप आला. यंदा तसं नको, पण काम वाटून दिलं की ते होत नाही, हा अनुभव आहे. आणि ओव्या रेकॉर्ड केल्या तर पुढे त्यांचं काय करायचं? आमच्या मोबाइलमध्ये पडून राहायला नकोत.

– कोयनाकाठ

---

जुना गटप्रमुख: ताई, तुझा दुसरा प्रश्न आधी घेतो. शिबिरात भोजन, स्वच्छता, श्रमदान, सांस्कृतिक अशा समित्या असतातच. पण सांस्कृतिक समितीत नेहमी नाचणारी-गाणारी मुलं घेतात. तुझ्या कार्यक्रमात मुलांनी गायचंच नाहीये, ऐकायचंय. म्हणून गावाकडची, घरात आजी असलेली, वर्गात गप्प बसणारी मुलं घे. त्यांना म्हाताऱ्या माणसांशी बोलायची रीत ठाऊक असते. आणि काम देताना ‘हे बघून घे’ असं म्हणू नकोस. ‘वरच्या आळीतल्या चार घरांची जबाबदारी तुझी, गुरुवारपर्यंत मला येऊन सांग’ असं सांग. काम होत नाही त्यातल्या निम्म्या वेळा ते नीट सांगितलेलंच नसतं. आमच्या शिबिरात रोज गटप्रमुख बदलायचो. सातव्या दिवशी सात जण तयार झालेले असायचे.

शिक्षिका (निवृत्त): बाळ, फार चांगलं करते आहेस. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे दिवस असतात. बचत गटाच्या अध्यक्षांना आणि आशाताईंना भेट, त्यांच्याकडून सामुदायिक हळदीकुंकू ठेव. बायका आपोआप जमतील.

रानफूल: काकू, आदराने वेगळं मत मांडते. ओव्या येणाऱ्या बहुतेक बाया सत्तरीच्या पुढच्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ जणी विधवा आहेत. हळदीकुंकू म्हटलं की त्या घरीच थांबतील, किंवा येऊन मागे भिंतीला टेकून बसतील. म्हणजे जिच्यासाठी कार्यक्रम, तीच बाहेर. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो तुमच्या विद्यापीठाच्याच परिसरातला. पण तुमच्या गावात तो विषय निघालाय का, हे आधी विचारून घे. सात दिवसांच्या पाहुण्यांनी वाद पेटवून निघून जाऊ नये. नुसतं ‘तिळगूळ आणि ओव्या’ असं नाव ठेव. तिळगूळ सगळ्यांना देता येतो.

शिक्षिका (निवृत्त): अगदी बरोबर. माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

रानफूल: अजून एक. माइकसमोर उभं केलंस तर आजींना एकही ओवी आठवणार नाही. आम्ही माझ्या आजोळी करून पाहिलंय. हाताला खुंटा लागला, वैरण (दळायचं धान्य) पडली, जातं फिरायला लागलं, की एकीतून दुसरी निघत जाते. माहेर, भाऊ, सीता, पंढरी, ओळीने. तेव्हा पटांगणात स्टेज नको. कुणाच्या तरी ओट्यावर जातं मांडा, खाली घोंगडी, मुलांनी भोवती बसायचं. पीठ गिरणीतून येत असलं तरी लग्नात हळद दळायला बऱ्याच घरांनी जातं ठेवलेलं असतं. रेकॉर्डिंग दोनदा करा, कारण जात्याच्या घरघरीत शब्द बुडतात: एकदा जात्यासह, मग नुसता आवाज. सुरुवातीला त्यांची परवानगी घ्या आणि नाव, गाव त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

वहीवाला: तिसऱ्या प्रश्नाबद्दल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या आता ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आहेत, गाणाऱ्या बाईच्या नावासकट. शिबिराआधी एक संध्याकाळ तुमच्या समितीने त्या एकत्र ऐकाव्यात. मग तुमच्या ओव्यांची हस्तलिखित वही करा. एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात, एक गावच्या शाळेत, आणि गाणाऱ्या प्रत्येकीला तिच्या ओव्यांची पानं. लिहिताना बोली सुधारू नका. ‘मानूस’चा ‘माणूस’ केलात की चाल मोडते.

जुना गटप्रमुख: वहीवाल्यांना दुजोरा. आणि ताई, गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे, हे आपण भाषणात नेहमी सांगतो. पण कीर्तनात ते सतत प्रश्न विचारायचे आणि लोकांना उत्तर द्यायला लावायचे, हे सांगायचं राहून जातं.

---

कोयनाकाठ: सगळ्यांचे मनापासून आभार. रानफूलताई, हळदीकुंकू माझ्याही डोक्यात होतं आणि त्या आजींच्या कपाळावर कुंकू नाही, हे तुमचा प्रतिसाद वाचल्यावर आठवलं. नाव ‘तिळगूळ आणि ओव्या’च ठेवते आहे.

काल गावात जाऊन आले. बचत गटाच्या ताईंनी रात्री साडेआठची वेळ सुचवली, जेवणं उरकल्यावर. आजींनी मला ओळखलं. जातं त्यांचंच वापरायचं ठरलं, फक्त वरच्या पाळीला टाकी लावून (छिन्नीने टोचून खरखरीत करून) घ्यायला हवी म्हणाल्या. एक अट घातली आहे: त्यांच्या थोरल्या जावेला सगळ्यात जास्त ओव्या येतात, पण तिला चालवत नाही, तर खालच्या आळीतून तिला खुर्चीत बसवून आणायचं. समितीतल्या दोन मुलांनी ते काम आपणहून मागून घेतलंय.

टाकी लावणारं कुणी पाटण-कराड भागात माहीत असेल तर कृपया कळवा. आमच्याकडे तीन आठवडे आहेत.