घरची सांग्रिया: वाईन कुठली, फळं कधी, गासेओसा किती?

माद्रिदचा_भाडेकरू

नमस्कार मंडळी. मी मास्टर्स करायला माद्रिदला आलोय, लावापिएसमध्ये राहतो. आमची इमारत जुनी कोर्राला आहे. मधे चौक, चारी बाजूंनी कठड्यांच्या गॅलऱ्या, थोडक्यात चाळच. येत्या शनिवारी चौकात सगळ्या बिऱ्हाडांचं एकत्र जेवण आहे. कोणी तोर्तिया आणणार, कोणी एन्सालादिया. मी उत्साहाच्या भरात "सांग्रिया माझ्याकडे" असं सांगून मोकळा झालो. सांग्रिया म्हणजे वाईन, फळं आणि साखर यांचं इथलं गार पेय. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी लगेच विचारलं, "वाईन कुठली घालणार?" मी म्हटलं, "लाल." आजी काही न बोलता जिना चढून गेल्या.

इंटरनेटवर बघावं तर कोणी व्होडका ओततंय, कोणी रम, कोणी लवंगा आणि स्ट्रॉबेऱ्या, एकाने तर केळं कापून घातलंय. प्लासा मायोर चौकाच्या आसपास पर्यटकांना जी पाजतात ती मी प्यायलोय, ते निव्वळ सरबत आहे. मला इथल्या घरांत करतात तशी करायची आहे. वाईन कोणती घेऊ? फळं किती वेळ ठेवू? ब्रँडी लागतेच का? आणि गासेओसा (इथला गोडसर सोडा) घालायची की साधा सोडा?

कॉर्दोबाकर

खरं सांगू? सांग्रियाचा नाद सोडा, तिंतो दे वेरानो करा. निम्मी लाल वाईन, निम्मी गासेओसा, लिंबाची चकती, पेला भरून बर्फ. इथली माणसं उन्हाळ्यात बारमध्ये तेच मागतात, सांग्रियाने भरलेले जग बहुतेक पाहुण्यांच्या टेबलावर दिसतात. आमच्या कॉर्दोबात सांगतात की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्याच वेन्ता दे वार्गास नावाच्या खानावळीत ते पहिल्यांदा केलं गेलं. दोन मिनिटांचं काम, बिघडायला वाव नाही.

एब्रोकाठची

कॉर्दोबाकर, मुद्दा बरोबर आहे, पण पोराने शब्द दिलाय, वर आजींनी परीक्षाही घेतलीय. आता माघार नाही.

मी सारागोसाला असते. नवरा अरागॉनचा, सासूबाई कालातायुदजवळच्या गावच्या. आमच्याकडे मेलोकोतोन कोन विनो नावाचं गोड करतात: सोललेले पीच, लाल वाईन, साखर, दालचिनीची काडी, आणि मग मुकाट्याने वाट बघायची. सासूबाईंची सांग्रियाही त्याच वळणाची. जगमध्ये किती प्रकारची दारू गेली याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं, फळ नीट मुरलं की नाही एवढंच त्या बघतात. त्यामुळे व्होडका, रम, लवंगा आणि ते केळं आधी यादीतून काढ. केळ्याचा तासाभरात लगदा होतो आणि सगळं गढूळ दिसतं.

वाईन घेताना बाटलीवर "होवेन" लिहिलेलं बघ, म्हणजे कोवळी वाईन. गार्नाचा किंवा तेम्प्रानियो द्राक्षांची. कारिन्येना, काम्पो दे बोर्खा, वाल्देपेन्यास, या भागांपैकी जिथली समोर दिसेल ती. तीन-चार युरोंची बाटली पुरते. क्रियान्सा, म्हणजे पिंपात मुरवलेली, नको. रिओखाची क्रियान्सा निदान वर्षभर ओकच्या पिंपात असते, आणि वाईन जितकी गार करावी तितका तिचा तुरटपणा जिभेला जास्त जाणवतो. त्यात संत्र्याची साल आली की कडवटपणाची भर. शिवाय पिंपाने वर्षभर खपून जे दिलं ते साखर-सोड्यात बुडवायला जास्तीचे पैसे कशाला मोजायचे? मात्र "सांग्रियाला काय, कसलीही चालते" हे मला मान्य नाही. बाटली उघडल्यावर आधी घोटभर नुसती पिऊन बघ. नुसती नकोशी वाटली तर फळांनी ती सुधारत नाही.

आता साखर. सगळी मेख इथे आहे. सासूबाई एका बाटलीला एक संत्रं आणि अर्धं लिंबू घेतात. बटाट्याच्या सोलण्याने वरची रंगीत साल तेवढी काढायची, खालचं पांढरं अजिबात येऊ द्यायचं नाही, कडूपणा तिथूनच येतो. त्या साली तीन चमचे साखरेत टाकायच्या आणि लाकडी चमच्याच्या पाठीने रगडायच्या. पाचेक मिनिटांत साखर ओलसर, पिवळट व्हायला लागते आणि अख्ख्या ओट्यावर वास सुटतो. सालीतलं तेल साखरेने ओढून घेतलेलं असतं. मग त्यावर संत्र्या-लिंबाचा रस पिळायचा आणि साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं. साखर थेट गार वाईनमध्ये टाकलीस तर ती तळाशी जाऊन बसते, पहिल्याला आंबट पेला मिळतो आणि शेवटच्याला पाक.

यात वाईन ओत, दालचिनीची एक काडी टाक, पीच टाक. पीच जरा कडक बघून घे, सोलून बोटाच्या पेराएवढे तुकडे कर. पिकून मऊ झालेला पीच विरघळतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात कालांदाचे पिवळे पीच येतात, झाडावरच एकेका फळाला कागदी पिशवी बांधून वाढवलेले, तेव्हा तर सासूबाई दुसरं फळ जवळ फिरकू देत नाहीत. सध्या बाजारात असतील ते घे. जोडीला सफरचंद चालेल, ते छान कुरकुरीत राहतं.

मग झाकून तीन-चार तास फ्रिजमध्ये. साली मात्र दोनेक तासांनी काढून टाक. पीच रात्रभर राहिला तरी उलट चांगलाच, पण संत्र्या-लिंबाच्या चकत्या रात्रभर ठेवल्या की त्यांच्या पांढऱ्या भागाचा कडूपणा उतरतो. चकत्या दिसायला हव्या असतील तर वाढताना टाक.

ब्रँडी घालायची तर हेरेसची, बाटलीमागे ५० मिली. नसली तर अडत नाही. गासेओसा अगदी शेवटी, पहिला पेला भरायच्या आधी, नाहीतर बुडबुडे फ्रिजमध्येच निघून जातात. ती गोडसर असते, हे साखरेच्या हिशोबात धर. साधा सोडा घालणार असशील तर एक चमचा साखर वाढव. आणि चव बघायची ती गार झाल्यावरच. थंडीने गोडी दबते, कोमट असताना जे गोडमिट्ट वाटतं ते फ्रिजमधून काढल्यावर बेताचं लागतं.

वालेन्सियाचा_रहिवासी

ताईंची पद्धत छान आहे, पण दालचिनीवर माझा आक्षेप! आमच्या शेजारपाजारी कोणी घालत नाही, वाईनचा वास मारला जातो म्हणतात. ती सवय तुमच्या बाजूची आणि रिओखाची. रिओखात सणांच्या दिवसांत सुर्राकापोते करतात, त्यात वाईन, फळं, साखर, दालचिनी दिवसेंदिवस मुरत ठेवतात. ला मांचात सुर्रा असते, ती बहुधा पांढऱ्या वाईनची. गावागणिक प्रकार आहेत, त्यामुळे "अस्सल एकच" असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

व्होडका मात्र सांग्रियात नाहीच. तुम्ही पाहिलेल्या पाककृतीत ती बहुतेक आग्वा दे वालेन्सियामधून घुसली असावी. ते आमच्याकडचं वेगळं पेय आहे: काव्हा (स्पेनची फेसाळ वाईन), संत्र्याचा रस, व्होडका आणि जिन. इथल्याच सेर्वेसेरिया माद्रिद नावाच्या बारमध्ये कॉन्स्तांते हिल यांनी १९५९ मध्ये ते पहिल्यांदा केलं. त्याची आणि सांग्रियाची सरमिसळ करू नका.

आणि सालीबद्दल एक सांगायचं राहतंय. जाळीच्या पिशवीतल्या संत्र्यांवर तोडणीनंतर मेण आणि बुरशीनाशक लावलेलं असतं, पिशवीच्या चिठ्ठीवर तसं छापलेलं असतं. साखरेत साल रगडायची तर तोडणीनंतर काही न लावलेली फळं मागून घ्या. तीही गरम पाण्याखाली ब्रशने घासा.

माद्रिदचा_भाडेकरू

सगळ्यांचे आभार! ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणेच करतो. दालचिनीचं भांडण तुम्ही दोघं मिटवा, मी अर्धी काडी घालतो. आता प्रमाणाचं सांगा. मोठी माणसं १२, मुलं तीन. किती करू? ती चढेल किती? आणि मुलांना काय देऊ? ती जगकडे टक लावून बसणार, हे आत्ताच दिसतंय.

एब्रोकाठची

अर्धी काडी! सासूबाईंना सांगत नाही.

चार बाटल्या घे. म्हणजे तीन लिटर वाईन, २०० मिली ब्रँडी, संत्र्या-लिंबाचा रस सुमारे ४०० मिली आणि शेवटी दोन लिटर गासेओसा. फळं धरली नाहीत तरी साडेपाच लिटरच्या वर जातं, प्रत्येकाला दोन-तीन पेले सहज. पीच सहा, सफरचंदं दोन. साखर बारा चमचे होते, पण आधी आठच घाल. उरलेली नुसती ढवळून विरघळणार नाही, म्हणून तिचा थोड्या पाण्यात पाक करून बाजूला ठेव. गार झाल्यावर लागला तर वाढव.

चढण्याचं म्हणशील तर १३ टक्क्यांची वाईन आणि ३६ टक्क्यांची ब्रँडी धरून हिशोब साधारण ८ टक्क्यांवर येतो. दुकानात मिळणाऱ्या सांग्रियाला युरोपीय नियमाने ४.५ टक्क्यांच्या खाली जाता येत नाही आणि १२ च्या आत राहावं लागतं, तेव्हा आपली बरोबर मधे बसते. बिअरपेक्षा जास्तच आहे हे लक्षात ठेव. गोड आणि गार असल्याने घटाघट जाते, आणि तळाचे पीच तर वाईन पिऊन बसलेले असतात. मुलं सगळ्यात आधी तेच उचलतात, त्यांच्यावर डोळा ठेव.

मुलांसाठी मोस्तो आण, म्हणजे लाल द्राक्षांचा न आंबवलेला रस. सुपरमार्केटात बाटली मिळते. त्यात संत्र्याचा रस, पीच आणि गासेओसा, साखर बिलकूल नको, मोस्तो मुळातच खूप गोड असतो. मात्र त्यांचा जग वेगळ्या आकाराचा ठेव. दोन्हींचा रंग सारखाच दिसतो, गडबडीत कोण कुठला उचलेल सांगता येत नाही.

जग कोणताही चालतो. चिमटलेल्या चोचीचा मातीचा मिळाला तर उत्तम, ओतताना फळं आणि बर्फ मागे अडकतात आणि पेल्यात धबकन पडत नाहीत. फळं नंतर लाकडी चमच्याने वाढायची.

बर्फ जगमध्ये टाकू नको, पेल्यात टाक. जगमधला वितळला की अर्ध्या तासात सगळं पाणचट होतं. घरच्या ट्रेमधला बर्फ बारा जणांना पुरणार नाही, पेट्रोल पंपावर दोन किलोची पिशवी मिळते, तशा दोन आण. आणि आणशील त्या अगदी शेवटच्या क्षणी, जुलैत माद्रिदच्या उन्हात ती पिशवी तिसऱ्या गल्लीपर्यंतही टिकत नाही.