मदत हवी आहे : हरिपाठ म्हणायला बसते, पण शब्दच फुटत नाहीत

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये माझा धाकटा भाऊ गेला. तेव्हापासून आई दिवेलागणीला हरिपाठ म्हणते आणि उठताना थोडी सावरलेली दिसते. मी शेजारी बसते, टाळही धरते, पण मनात काहीच हलत नाही. उलट रागच येतो. देवावर रागवून त्याच्याचपुढे बसायचं, हे ढोंग तर नाही ना?

तुकोबांचं आयुष्य आठवलं की थोडा धीर येतो. 1630 च्या दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं. तरी त्यांनी विठ्ठलाशी भांडण सोडलं नाही. त्यांच्या अभंगांत तक्रार आहे, टोमणे आहेत, चक्क शिव्याही आहेत. मग भांडण हीसुद्धा प्रार्थनाच असेल का?

(डॉक्टरांकडे जाते, गोळ्याही चालू आहेत, त्यामुळे तो सल्ला नको.)

ज्यांनी असा काळ काढलाय त्यांनाच विचारते. विश्वास उडालेला असताना पुन्हा सुरुवात कशी केलीत? सगळा हरिपाठ एका बैठकीत जमत नाही. रोज एकच अभंग घेतला तर चालेल? कोणी नुसतं नामस्मरण करून पाहिलंय का, माळ घेऊन की मनातल्या मनात? आणि रात्री तीनला जाग येते तेव्हा काय म्हणता? तीच वेळ सगळ्यात वाईट जाते.

'सगळं ठीक होईल' असं मात्र कृपया लिहू नका. ते ऐकून ऐकून कान किटले आहेत.