केस गळणं, टक्कल, चाई आणि उपचार : तुमचे अनुभव लिहा

निवांत_मी :
काल भाच्याचा व्हिडिओ कॉल. इकडचं तिकडचं झाल्यावर एकदम म्हणाला, मामा तुझे कितव्या वर्षी सुरू झाले रे? आणि कॅमेरा वर करून कपाळ दाखवलं. दोन्ही कोपरे आत गेलेत. वय २२. मला माझं सगळं आठवलं, बाथरूमच्या जाळीत अडकलेले केस, ग्रुप फोटोत मागच्या रांगेत सरकणं, आरशासमोर दुसरा आरसा धरून मागचं बघायची कसरत.

माझं आनुवंशिकच होतं पण तेव्हा प्रत्येकजण वेगळं सांगायचा, पाणी खराब, हेल्मेट, जागरण, टेन्शन. शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी भिंगाचा कॅमेरा डोक्यावर फिरवून स्क्रीनवर दाखवलं, शेजारी शेजारी एक केस जाड, एक बारीक, एक नुसती लव. म्हणाले मुळं मेलेली नाहीत, लहान होत चाललीत. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं हार्मोन बनतं, ते तुमच्यात जास्त आहे असं नाही, तुमची मुळं त्याला हळवी आहेत. मागचे आणि कानावरचे केस त्याला दाद देत नाहीत म्हणून शेवटी झालर उरते.

मिनॉक्सिडिल नावाचं औषध डोक्याला लावलं, सुरुवातीला गळणं उलट वाढलं (आधी सांगून ठेवलं होतं म्हणून टिकलो), मग फिनास्टेराइडची गोळी. गळती थांबली, माथ्यावर थोडे आले, कोपरे काही भरले नाहीत. बरीच वर्षं घेऊन कंटाळलो, सोडलं, मशीन फिरवली, आता मजेत आहे. पण २२ वर्षांच्या पोराला 'सोड रे, फिरव मशीन' कसं सांगू? मला त्या वयात कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी बोलणंच टाकलं असतं.

तर लिहा. कशामुळे गळले, काय केलं, कशाचा उपयोग झाला, कशाचा नाही.

गुळगुळीत :
हजर! तोंड धुताना कुठे थांबायचं हा एक प्रश्न सोडला तर सुखी आहे.

सई_सांगते :
माझं डिलिव्हरीनंतरचं. बाळ तीन महिन्यांचं झालं आणि केसांत हात घातला की पुंजकाच हातात. रडायचे मी. डॉक्टर म्हणाल्या गरोदरपणात हार्मोन्समुळे जे गळायचे तेही थांबून राहतात, मग डिलिव्हरीनंतर सगळे एकदम रजेवर जातात आणि दोनतीन महिन्यांनी पडतात. औषध असं काही दिलं नाही, रक्त तपासलं, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) फार कमी होतं, लोहाच्या गोळ्या दिल्या. वर्षभरात भरले परत. मधे कपाळावर छोटे छोटे केस उभे राहायचे अँटेनासारखे, नवरा हसायचा.

रात्रपाळी :
सई +१. माझं तापामुळे. चांगला सडकून ताप आलेला, बरा झालो, विसरलो पण, आणि अडीच महिन्यांनी गळायला लागले. मी शाम्पूवर राग काढत होतो. डॉक्टरांनी विचारलं दोनतीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? तेव्हा ट्यूब पेटली. ताप, ऑपरेशन, क्रॅश डाएट, काहीही असू शकतं म्हणे. असं गळणं सगळीकडून सारखं असतं, एकाच जागी टक्कल नाही पडत. दिवसाला ५० ते १०० तर कोणाचेही गळतात.

पेंगुळलेली :
सई तू लिहिलंस म्हणून आठवलं, बाळ लहान असेल आणि तुझे अजून गळत असतील तर रोज त्याची हातापायाची बोटं बघत जा. मोज्याच्या आत माझा केस लेकीच्या पायाच्या बोटाला गुंडाळला गेला होता, बोट लाल टरटरीत, ती रडून रडून हैराण आणि आम्ही गॅस झाला म्हणून पोट चोळतोय. डॉक्टरांनी कापून काढला. याच महिन्यांत होतं असं म्हणे कारण आईचे केस घरभर असतात. धाग्याशी संबंध नाही पण लिहिलं.

सई_सांगते :
बाप रे. आत्ता उठून बघून आले. ठीक आहे सगळं. थँक्यू गं.

एकदाणी :
चाईवाले कोणी आहे का इथे? मला आधी दाढीत पडली, नाण्याएवढी, गुळगुळीत, मग डोक्यात दोन. लोक काय काय सांगतात, जंतू आहे, पसरते, वेगळा टॉवेल ठेव. काही नाही, आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उठते. चाईत स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं दिली, दुखतात पण सहन होतात, केस आले, आधी पांढरे मग काळे. पुढे एकदा परत पडली, परत आले. ज्यांचे सगळेच जातात त्यांच्यासाठी आता गोळ्या निघाल्यात, बॅरिसिटिनिबला अमेरिकेत २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. माझ्या बहिणीला चालू आहे, तिच्या तर भुवयासुद्धा गेल्या होत्या, त्या आल्या. पण सारखं रक्त तपासावं लागतं, इन्फेक्शनची भीती असते, आणि बंद केल्यावर परत जाऊ शकतात. सोपं काही नाही यात.

आभाळमाया_२ :
एकदाणी, माझ्या मुलाला शाळेत असताना गोल चट्टा पडला, सगळे म्हणाले चाई. पण त्याच्यावर खपली होती, केस मुळाशी तुटलेले आणि खाज. ती बुरशी निघाली. नुसतं मलम लावून जात नाही, मुळाच्या आत असते म्हणून पोटातून औषध द्यावं लागतं. आणि ही मात्र पसरते हां, कंगवा टोपी वेगळी ठेवायची. तेव्हा गोल दिसलं की चाई असं समजू नका.

मांजरवाली :
मिनॉक्सिडिल वापरणारे, घरात मांजर आहे का???? मांजरांना ते विष आहे. चाटलं, उशीवरून अंगाला लागलं तरी जिवावर बेततं. बाटली कपाटात ठेवा, लावल्यावर हात धुवा, पूर्ण वाळेपर्यंत मांजराला जवळ घेऊ नका. आमच्या डॉक्टरांनी नाही सांगितलं, व्हेटनी सांगितलं.

निवांत_मी :
हे मला आत्ता कळतंय आणि त्या सगळ्या वर्षांत आमच्या घरी बोका होता. माझ्या नशिबाने म्हणा की त्याच्या, त्याला मी आवडायचोच नाही.

गुळगुळीत :
बोका हुशार.

जुना_वाचक :
या मिनॉक्सिडिलची गंमत माहितीय का, मुळात ती बीपीची गोळी. अमेरिकेत १९७९ ला आली, पेशंटच्या कपाळावर, हातांवर, पाठीवर केस यायला लागले, बायका वैतागल्या. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की हे डोक्यालाच लावू, १९८८ ला पुरुषांसाठी लावायचं औषध मंजूर. फिनास्टेराइडही तसंच, १९९२ ला प्रोस्टेटसाठी ५ मिलीग्रॅम, १९९७ ला केसांसाठी १ मिलीग्रॅम. म्हणजे केसांची दोन्ही मोठी औषधं दुसऱ्याच्या दारातून आलेली. आणि ज्युलियस सीझर मागचे केस पुढे ओढून घ्यायचा, विजयाचा पानांचा मुकुट कायम घालायची परवानगी मिळाली त्याचा सगळ्यात जास्त आनंद त्याला झाला असं सुएटोनियस या रोमन चरित्रकाराने लिहून ठेवलंय. रोमचा सर्वेसर्वा, आणि काळजी कशाची तर माथ्याची.

दुपारचा_चहा :
जुना वाचक, प्रोस्टेटवरून आठवलं. फिनास्टेराइड घेणाऱ्या मोठ्या वयाच्या लोकांनी पीएसए टेस्ट (प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रक्ताची तपासणी) करताना डॉक्टरांना सांगायलाच हवं, गोळीने आकडा साधारण निम्मा होतो आणि रिपोर्ट खोटाच चांगला दिसतो. दुसरं, घरात कोणी गरोदर असेल तर तिने तुटलेली गोळी हाताळू नये, पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. मी स्वतः गोळी सोडली. इच्छा कमी झाली होती, मूडही पडलेला. सोडल्यावर काही महिन्यांत ठीक झालं. बऱ्याच जणांना काही होत नाही हेही खरं, पण सुरू करताना हे बोलायला लाजू नका, डॉक्टर लाजत असेल तर आपण विचारा.

बिनधास्त_पक्या :
मला काहीच झालं नाही, अनेक वर्षं घेतोय. पण आनुवंशिक असेल तर एक डोक्यात पक्कं पाहिजे, हा कोर्स नाही, चालू ठेवायचं प्रकरण आहे. मिनॉक्सिडिल बंद केलं की तीनचार महिन्यांत जे आले ते जातात. लोक एक बाटली लावतात, सुरुवातीला गळती वाढते, घाबरून बंद करतात आणि म्हणतात औषध भंकस. चार ते सहा महिने तरी द्या हो. केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो, दिसणार कुठून?

कुंपणापलीकडे :
ट्रान्सप्लांटवाला मी. थोडं लांबेल, चालवून घ्या. पहिल्या ठिकाणी गेलो तर आत शिरल्या शिरल्या कपाळावर पेनाने रेघ मारली आणि तारीख कधीची देऊ म्हणाले. डॉक्टर भेटलेच नाहीत, गोडबोलू काउन्सेलर नुसता. तिथून निघालो. दुसऱ्या डॉक्टरांनी तर करायलाच नाही म्हटलं, तुमचं अजून गळतंय, आत्ता पुढची लाइन लावली आणि मागून गळत गेलं तर पुढे झुडपं आणि मधे माळरान. आधी औषधांनी स्थिर करा मग या. मला राग आला होता पण ऐकलं. मागचे केस डीएचटीला दाद देत नाहीत आणि जागा बदलली तरी तो गुण सोडत नाहीत, सगळी करामत त्याच्यावर. पण मागचा साठा मर्यादित, एकदा काढला की तिथे परत येत नाही. पट्टी कापून काढतात त्यात मागे एक रेघ राहते, एक एक मूळ काढतात त्यात ठिपके राहतात, अगदी बारीक कापले तर दिसतात. मी दुसरं केलं. लावलेले केस दोनतीन आठवड्यांत पडले, घरच्यांचे चेहरे बघण्यासारखे! तीनचार महिन्यांनी फुटायला लागले, खरं रूप यायला वर्ष. आणि गोळी अजून चालू आहे कारण बाकीचे जुने केस तसेच हळवे आहेत.

निवांत_मी :
हे भाच्याला पाठवतोय. तो थेट ट्रान्सप्लांटचेच व्हिडिओ बघत बसलाय.

रंगीत_छत्री :
पांढऱ्या केसांसाठी काय करता सगळे? डाय सोडून.

गुळगुळीत :
छत्री, आमच्याकडे यांची मागणी आहे, पांढरे चालतील, पाठवून द्या.

मधुरा_आत्ता_बिझी :
बायकांचं कोणी लिहीतच नाहीये. आमचे कोपरे नाही जात, भांग रुंद होत जातो. माझ्या डोक्यातून उजेडात कातडी दिसायची. मला पीसीओएस (बीजकोश आणि हार्मोन्सचा त्रास) आहे, मिनॉक्सिडिल आणि स्पायरोनोलॅक्टोन दिलं, ते मूळचं लघवी वाढवणारं बीपीचं औषध (परत बीपी!), मूल हवं असेल तर घ्यायचं नाही. पोटॅशियमवर लक्ष ठेवतात. दाट झाले नाहीत, पण भांग जिथे होता तिथेच आहे, मला तेवढं पुरे. कुकर झाला, जाते.

नाचरी :
माझं घट्ट अंबाड्याने. लहानपणापासून नाच, केस ताणून ताणून, कानाजवळचे आणि कपाळावरचे गेले. लवकर सैल सोडलं तर येतात, वर्षानुवर्षं ओढलं तर मूळच जातं. माझे अर्धे आले. आता मुलींना शिकवते तेव्हा आधी अंबाडे सैल करायला लावते, त्यांच्या आया नाराज :)

सावकाश_चाललेय :
केमोमध्ये गेले. दोनतीन आठवड्यांत सुरू झाले, मी आधीच बारीक कापून घेतले होते त्यामुळे लांब लांब केस पडताना बघावे लागले नाहीत. थंड टोपीचा पर्याय होता, डोकं गार ठेवलं की रक्तपुरवठा कमी होतो आणि औषध मुळांपर्यंत कमी पोचतं. माझ्या औषधाला तिचा फार उपयोग नाही म्हणाले, शिवाय तासन्तास गारठा, नको म्हटलं. केसांपेक्षा भुवया आणि पापण्या गेल्याचं जास्त लागलं, घाम सरळ डोळ्यात. परत आले ते कुरळे! सरळ केसांची मी, आता ओळखीचे लोक विचारतात पार्लर कुठलं.

एकदाणी :
सावकाश ताई, काय सुंदर लिहिलंत. आता तब्येत कशी?

सावकाश_चाललेय :
छान आहे. हळूहळू चाललंय सगळं, नावाप्रमाणे.

कडक_उन्हाळा :
एक महत्त्वाचं राहिलं. केस जातात त्या जागी आग, खाज, दुखणं असेल आणि कातडी चकचकीत, मुळांची छिद्रंच दिसत नसतील तर तेल मसाज करत बसू नका. माझ्या आईचं तसं होतं, बायोप्सी केल्यावर कळलं की सूज मुळंच जाळते. गेलेले येत नाहीत, उरलेले वाचवायचे असतात, त्यामुळे उशीर परवडत नाही.

लॅबातला_मी :
सगळे बायोटिन (केसांसाठी म्हणून खातात ते व्हिटॅमिन) खाताय ना? शरीरात कमतरता असेल तर उपयोग, ती क्वचित असते. पण भरपूर डोस चालू असेल तर थायरॉइडचे रिपोर्ट चुकू शकतात, हार्ट अटॅकची ट्रोपोनिन टेस्टसुद्धा. आमच्याकडे केस गळतात म्हणून थायरॉइड तपासायला येतात आणि केस गळतात म्हणूनच बायोटिन खाऊन येतात. विचारल्याशिवाय सांगत नाही कोणी.

पेंगुळलेली :
लॅबदादा थांबा, मी मागच्याच आठवड्यात टेस्ट दिली आणि गोळी चालू आहे. परत करायची का?

लॅबातला_मी :
डॉक्टरांना डोस सांगा, किती दिवस बंद ठेवायची ते सांगतील, मग परत द्या. तोवर त्या रिपोर्टवर थायरॉइडची गोळी सुरू करू नका.

पेंगुळलेली :
नशीब धागा वाचला. डबीवर तर नुसता लांबसडक केसांच्या बाईचा फोटो आहे.