मदत हवी आहे: बर्फावर बुटांना लावायचे दातेरी साखळीचे स्पाइक्स घ्यायचे की नको? आज रात्रीच ऑर्डर टाकायची आहे

रानवाटा:
आमचा ११ जणांचा ग्रुप मार्चअखेरीस निघतोय. वर कुठे बर्फ, कुठे मोकळी वाट असं कळलंय. ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात स्पाइक्स हवेतच, बाकीचे म्हणतात दोन तासांसाठी कशाला खर्च. हो की नाही, एवढंच सांगा. 'गूगल करा' नको, तिथूनच आलोय.

कातळकडा:
कुठे निघालाय ते सांगाल का, की ओळखा पाहू?

रानवाटा:
उत्तराखंडातलं चोपता-तुंगनाथ-चंद्रशिला. चोपत्याहून तुंगनाथच्या मंदिरापर्यंत, मग वर चंद्रशिला शिखर. मार्चमध्ये दुसरं कुठे जाणार?

घाटमाथा:
केदारकंठा आहे, ब्रह्मताल आहे. असो. मी एप्रिलच्या सुरुवातीला साध्या बुटांवर चंद्रशिला केलंय. तुंगनाथपर्यंत दगडी फरसबंदी आहे हो! आमच्या पुढे एक आजी चपलांवर चालल्या होत्या. दर धाग्यावर लोकांना खरेदीला लावायचं बंद करा.

कातळकडा:
आजींना पुढे करून उपयोग नाही घाटमाथाराव. बर्फ दरवर्षी सारखा नसतो.

सांजवात:
मार्चमध्ये तुंगनाथाचं दार बंद असतं बरं का. हिवाळ्यात देव खाली मक्कूमठ गावात असतात, दर्शन तिथे घ्या. वाटेत बुरांश (लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला दिसेल, त्याचं सरबत नक्की प्या.

रानवाटा:
काकू, धन्यवाद, पण प्रश्न स्पाइक्सचा आहे.

हिमालयी_पुणेकर:
निघणार किती वाजता? सगळं त्यावर आहे. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं. सूर्योदय गाठायला पहाटे चारला निघालात, तर तुंगनाथच्या वरच्या उतारावर तोच बर्फ काचेसारखा कडक. टाच रुतत नाही, बूट सरळ सरकतो. चढताना निभावतं, उतरताना माणसं बसून घसरतात. नऊनंतर तोच बर्फ भुसभुशीत होतो, मग पाय गुडघ्यापर्यंत आत. तेव्हा स्पाइक्सपेक्षा गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायची आवरणं) आणि काठी कामाची. विकत कशाला, चोपत्यात भाड्याने मिळतात. साखळी तुटकी नाही ना, ते तिथेच पायात घालून बघा.

रानवाटा:
सूर्योदयच बघायचाय. बाबांची तेवढीच हौस आहे.

कातळकडा:
बाबा?? वय काय?

रानवाटा:
६४. कळसूबाई आरामात चढतात. बीपीची गोळी चालू आहे, बाकी काही नाही.

घाटमाथा:
मग डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, सुरू करा, दोन दिवस आधीपासून. आम्ही सगळ्यांनी घेतली होती.

वैद्यबुवा:
अहो, गोळ्या वाटताय की फुटाणे? बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल, तर त्यावर डायमॉक्स कुणाला न विचारता द्यायची नसते. सल्फाची ॲलर्जी आहे का, तेही विचारावं लागतं. त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि कळसूबाई १,६४६ मीटर; चोपताच त्याहून हजारेक मीटर उंच, तुंगनाथ ३,६८०. हरिद्वारहून पोचल्या पोचल्या दुसऱ्या पहाटे वर नेऊ नका. एक दिवस जवळच्या सारी गावातून देवरियाताल तलावाची चढाई करा, तिथे धाप कितपत लागते ते कळेल.

घाटमाथा:
आमच्यात कुणाला काही झालं नाही, एवढंच सांगतोय.

रानवाटा:
ठीक. ११ जोड्या भाड्याने, पण पहाटे सगळ्यांनी घालायच्या. बाबांचं डॉक्टर बघतील. देवरियाताल घुसवायचा तर परतीची तिकिटं बदलावी लागतील, आता त्यावरून भांडण होणार.

सह्यपुत्र७७:
धागा वाचला नाही, पण केदारनाथला मे महिन्यात जाणार असाल तर हेलिकॉप्टरचं बुकिंग आत्ताच बघून ठेवा.