बारावी फिजिक्स: एसटी वळली की आपण बाहेर कलंडतो, मग फोर्स आत कसा?

खाडीपलीकडची:
नमस्कार, मी राजापूर तालुक्यातली, बारावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम होतं, अकरावी कशीबशी निघाली आणि आता रोटेशनल डायनॅमिक्सलाच अडकलेय. पुस्तकात आहे की वर्तुळात फिरताना फोर्स केंद्राकडे असतो. पण मी रोज एसटीने जाते, वळण आलं की मी खिडकीला जाऊन चिकटते, मग बाहेर ढकलणारा फोर्स नाही असं कसं म्हणायचं? आणि मी आकृतीत सेंट्रिपेटल म्हणजे केंद्राकडचा आणि सेंट्रिफ्युगल म्हणजे बाहेरचा, असे दोन्ही फोर्स काढते तर दोन्ही सारखेच, बेरीज शून्य. मग गाडी वळते कशी?? सर म्हणाले पाठ कर. पण मला समजून घ्यायचंय.

चिपळूणचा दादा:
अगं तुझी शंका एकदम बरोबर जागी आहे, शेवटचा प्रश्न तर फारच छान. आता रस्त्याच्या कडेला उभं राहून बघतेयस असं समज. वळणावर तुझं शरीर सरळच चाललेलं असतं, वळते ती गाडी, म्हणून खिडकीच तुझ्याकडे येते आणि तुला आत ढकलते. तो आतला धक्का, सीटचं घर्षण धरून, हाच सेंट्रिपेटल, तो काही वेगळा नवीन फोर्स नाही. वजन 50 किलो, वळणाची त्रिज्या 40 मीटर, स्पीड ताशी 36 म्हणजे सेकंदाला 10 मीटर धर, तर एमव्ही स्क्वेअर बाय आर म्हणजे 125 न्यूटन. स्पीड डबल केला तर 500, म्हणून ड्रायव्हर वळणावर गाडी हळू करतो.

सेंट्रिफ्युगल कधी घ्यायचा, तर गाडीत बसून हिशोब करतेस तेव्हाच. त्या हिशोबात तू स्थिर आहेस म्हणून बेरीज शून्यच यायला हवी. तू रस्त्यावरचा आणि गाडीतला असे दोन हिशोब एकाच आकृतीत घातलेस, गोंधळ तेवढाच आहे. आकृतीच्या वर आधी लिही, मी कुठून बघतेय.

निवृत्त मास्तर:
बाळा, हे तू मराठीत शिकलेली आहेस. दहावीला गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात दोरीला दगड बांधून फिरवायचं होतं, ते अभिकेंद्री बल म्हणजेच सेंट्रिपेटल. दोरी सुटली तर दगड केंद्रापासून थेट बाहेर जात नाही, स्पर्शिकेने सरळ जातो. मोकळ्या खळ्यात करून बघ, जवळ कोणी नको. मी वर्गात हे केल्याशिवाय कधी पुढे गेलो नाही. इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्द लिहून ठेव, त्यात कमीपणा काही नाही.

खाडीपलीकडची:
दादा, मास्तर, खूप खूप आभार!! रस्त्यावरून बघून बँकिंगचं, म्हणजे वळणावर रस्ता बाहेरून उंच, तिरपा करतात त्याचं गणित केलं, घर्षण नाही धरलं, फक्त वजन आणि रस्त्याचा काटकोनातला धक्का म्हणजे नॉर्मल रिअ‍ॅक्शन काढली. तीच 40 मीटर आणि 10 मीटर पर सेकंद, टॅन थीटा 0.255 आला, रस्त्याच्या उताराचा कोन 14 अंशांच्या जरा वर. बरोबर का?

चिपळूणचा दादा:
बरोबर! नॉर्मलचा आडवा भागच गाडीला आत वळवतो. कोकण रेल्वेच्या वळणावर बाहेरचा रूळ उंच असतो तो याचसाठी, गाडीतून जाताना बघ. आता घर्षण धरून कर, आणि लॉग टेबलनेच कर, बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही. अडलं तर आकृतीचा फोटो टाक.