फाइलींची घाऊक नावबदली: एका ओळीचा लूप खरंच पुरतो?

टर्मिनलवाला:
लिनक्सवर शे-पाचशे फाइलींची नावं बदलायची म्हटलं की लोक हत्यारांची यादीच देतात. रीनेम घ्या, एमएमव्ही घ्या, मोअरयुटिल्समधलं व्हीआयडीर घ्या. कशाला? टर्मिनलच्या बॅशमधला फॉर लूप, म्हणजे प्रत्येक फाइलीवर तीच कमांड, आणि नाव बदलणारा एमव्ही, विषय संपला. एवढंही जमत नसेल त्यांनी फाइल मॅनेजर वापरावा आणि टर्मिनलपासून लांब राहावं.

घाटमाथा:
शेवटचं वाक्य खटकलं, म्हणून सविस्तर लिहितोय. आमच्या गावच्या वाचनालयात जुने दिवाळी अंक स्कॅन करायचं काम चालू आहे. एका अंकाच्या पानांना स्कॅनरने ०१, ०२ असे क्रमांक दिले होते. ते तीन आकडी करायला एका जाणकाराने हाच तुमचा लूप चालवला, आकडा ठरावीक साच्यात छापणारा प्रिंटएफ लावून. बॅशचा प्रिंटएफ शून्याने सुरू होणारा आकडा ऑक्टल, म्हणजे फक्त ० ते ७ अंकांचा, आठाच्या पायाचा धरतो. ०१ ते ०७ व्यवस्थित गेले. ०८ ला त्याने "अवैध ऑक्टल" असा इशारा दिला, पण थांबला नाही, उत्तर ००० दिलं. ०९ चंही ०००. एमव्हीने नववं पान आठव्यावर चढवलं आणि अवाक्षर काढलं नाही. आठवं पान गेलं. अंक तोवर मालकाकडे परत गेला होता. लूप लिहिणाऱ्याला बॅश उत्तम येत होतं, तेव्हा "जमत नाही त्यांनी" हे इथे सांगू नका.

पर्ल भाषेतल्या रीनेममध्ये मजकुरातून आलेला ०८ म्हणजे आठच. हायफन एन दिला तर काय होणार ते आधी दिसतं, आणि त्या नावाची फाइल असेल तर हायफन एफ दिल्याशिवाय तो तिला हात लावत नाही. हे पसारा वाढवणं नाही.

टर्मिनलवाला:
आकड्याच्या आधी दहाचा पाया लिहिला असता तर काही झालं नसतं. इशारा आला तो वाचायला हवा होता. लूपचा काय दोष?

कोकणकडा:
इशारा दरवेळी येतो असं कुठे आहे? तोच लूप नीट नावं झालेल्या फोल्डरवर चुकून परत चालवा. ०१० चं ००८ होईल, कसलाही इशारा न देता. ०१० हा वैध ऑक्टल आहे.

पण घाटमाथा, "रीनेम वापरा" एवढंच सांगणंही अर्धवट आहे. ऑफिसात माझं यावरून कायम वाजतं. रीनेम नावाचे दोन वेगळेच प्रोग्रॅम आहेत. डेबियन-उबुंटू या डिस्ट्रोंचा (लिनक्सच्या प्रकारांचा) पर्लवाला, मूळ पर्लचा कर्ता लॅरी वॉल याच्या स्क्रिप्टवरून आलेला. फेडोरा आणि आर्चवर त्याच नावाने युटिल-लिनक्स या साधनसंचातला बसलाय. त्याला रेगेक्स (मजकुराचा नमुना सांगायची खूणभाषा) कळत नाही, साधा मजकूर लागतो, आणि हायफन ओ दिला नाही तर तोही असलेल्या फाइलीवर खुशाल लिहितो. एकाचा सल्ला दुसऱ्याच्या मशीनवर चालत नाही. लोक डिस्ट्रो न सांगता कमांड चिकटवतात, हे आधी बंद व्हायला हवं.

टर्मिनलवाला:
बघा, माझाच मुद्दा. एमव्ही सगळीकडे सारखा. आणि निम्मी कटकट फाइलींची नावं मराठीत ठेवल्याने होते. नावं इंग्रजीत, स्पेसशिवाय ठेवा, लूप कधी दगा देणार नाही.

लेखणी:
मराठी अंकाचं नाव इंग्रजीत का म्हणून? ०८ तर इंग्रजी आकड्यांतच होता, त्याचं काय झालं ते वर वाचलंत ना? लूपमध्ये स्पेस सांभाळायला व्हेरिएबलला अवतरणचिन्हं द्यायचा कंटाळा, आणि खापर आमच्या भाषेवर! वाचनालयात शोधायला येणारे आजोबा "दिवाळी" टाइप करतात. रोमनमध्ये तीच दिवाळी कोणी डब्ल्यूने लिहितो, कोणी व्हीने.

टर्मिनलवाला:
भाषेचा अभिमान इथे आणू नका. तांत्रिक गोष्ट तांत्रिकच राहू द्या.

लेखणी:
घ्या तांत्रिक. "दुसऱ्या" हा शब्द दोन कीबोर्डांवर दोन तऱ्हेने उमटतो. एक नुक्त्याच्या (खालच्या टिंबाच्या) ऱ ने, दुसरा साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर फरक दिसत नाही, पण सिस्टिमच्या लेखी ती दोन नावं. एकाच फोल्डरात दोन्ही राहतात आणि मजकूर शोधणारं ग्रेप एकच शोधतं. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणं, र अधिक नुक्त्याचा ऱ करून देतं, झेडडब्ल्यूजेवाल्याला मात्र हात लावत नाही. तो आपणच बदलायचा. "नावं इंग्रजीत ठेवा" म्हणणाऱ्यांनी यावर एक ओळ तरी लिहिली का?

कोकणकडा:
त्यात भर. डेबियनचा पर्लवाला रीनेम मुळात अक्षरं नाही, बाइट बघतो. नावाची पहिली तीन अक्षरं उडवायला रेगेक्सची तीन टिंबं (एक टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर) दिलीत तर देवनागरीत एकच चिन्ह उडतं, कारण एकेक चिन्ह तीन बाइटचं. दोन टिंबं दिलीत तर नाव मोडकं होतं. अक्षरं मोजायला हायफन यू द्यायला विसरू नका.

घाटमाथा:
आणि लांबी! लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिमवर नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे काना-मात्रा-वेलांट्या धरून ८५ चिन्हं. विंडोजच्या एनटीएफएसवर २५५ यूटीएफ-१६ एकक चालतात, म्हणजे देवनागरीची २५५ चिन्हं. तिकडे ठेवलेली लेखाच्या पूर्ण शीर्षकाची नावं इकडे कॉपीच होत नाहीत. मला वर्ष आणि अंकाचं नाव प्रत्येक फाइलीच्या पुढे जोडायचंय, तिथेच गाडी अडलीय.

टर्मिनलवाला:
म्हणजे मराठी नावांना त्रास आहे हे तुम्हीच सांगताय. असो. लूपमध्ये एमव्हीला हायफन एन (इथे त्याचा अर्थ: असलेल्या फाइलीवर लिहू नको) द्यावा, एवढं मान्य. आधी कमांड न चालवता नुसती छापणारा एको लावून यादी बघावी, हेही मान्य. मी ते करतोच, लिहायची गरज वाटली नव्हती. पर्ल मात्र शिकणार नाही.

लेखणी:
नवख्यांना "विषय संपला" सांगताना नेमकं तेच लिहायचं असतं.

घाटमाथा:
हायफन एनने फाइल वाचते, पण जुन्याच नावाने मागे राहते. लूप संपल्यावर मागे काय राहिलं ते बघावंच लागतं. आम्ही आता जुनं नाव आणि नवं नाव अशी दोन रकान्यांची यादी आधी काढतो, नव्या रकान्यावर सॉर्ट आणि युनिक हायफन डी चालवतो, म्हणजे दुबार आलेली नावं तेवढी दिसतात. एकही ओळ आली तर नावबदली थांबवतो. यादी अंकासोबतच ठेवतो, म्हणजे उलटं फिरता येतं.

लेखणी, झेडडब्ल्यूजे काढून ऱ घालणारी तुमची ओळ इथे टाकाल का? आमच्याकडे दोन जणांनी दोन कीबोर्डांवर टाइप केलंय, आणि अर्धे "दुसऱ्या" सापडत नाहीयेत.