मदत हवी आहे: जर्मन कंपनीची नोकरी ग्वाल्हेरहून करायची आहे. काँट्रॅक्टर व्हावं की नोकरदारच राहावं?

नमस्कार मंडळी,

मी मूळची ग्वाल्हेरची, लश्करमधली. गेली सहा वर्षं म्युनिकमध्ये एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. फेब्रुवारीत आई जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, वॉकर धरून ती घरात फिरते. पण आमचं घर म्हणजे जुना वाडा, पायऱ्या उंच आणि न्हाणीघर चौकापलीकडे. बाबा गेल्यापासून ती एकटीच असते. मावशी आणि शेजारच्या काकू आळीपाळीने रात्री सोबतीला येतात, पण त्यांनी तरी किती दिवस यायचं? तिला इकडे आणायचा विषय काढला तर म्हणाली, "तिथे दिवसभर मी कुणाशी बोलू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मीच परत यायचं ठरवलंय.

नोकरी सोडायची नाही. मॅनेजर तयार आहे. वेळेचंही जमतं: इथले सकाळचे नऊ म्हणजे तिकडे हिवाळ्यात दुपारचे दीड, मार्चअखेर घड्याळं पुढे गेली की साडेबारा. म्हणजे सकाळ पूर्ण मोकळी. आईची फिजिओथेरपी, डॉक्टरांची ओपीडी, बँकेची कामं, सगळं सकाळीच होईल.

अडलंय ते कागदांवर. एचआरने तीन पर्याय तोंडी सांगितले आहेत:

पहिला, आहे तोच जर्मन करार चालू ठेवायचा. दुसरा, राजीनामा देऊन काँट्रॅक्टर व्हायचं आणि दरमहा इन्व्हॉइस पाठवायचं. तिसरा, ईओआर म्हणजे एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड. यात भारतातली एक मध्यस्थ कंपनी मला कागदोपत्री नोकरीवर ठेवते, काम मी जर्मन टीमचंच करते आणि मध्यस्थाची फी माझी कंपनी भरते.

कंपनीचा कल दुसऱ्याकडे आहे, कारण तो त्यांना स्वस्त पडतो. आकडा दिसायला मोठा आहे, पण मला भीती वाटते. आईच्या औषधपाण्याचा आणि घराचा सगळा भार माझ्या एकटीच्या पगारावर असणार आहे. ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी कृपया अनुभव लिहा. शिवाय परत यायची तारीख करासाठी महत्त्वाची असते म्हणतात, ते काय आहे? मी साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला येईन. मधल्या वर्षांत सुट्टीवर दरवर्षी तीन-चार आठवडे येत होते.

– गोठवाली

हिशेबवही (इंदूर)

ताई, तारखेचं आधी सांगतो, कारण तिकीट काढण्याआधी ते कळलेलं बरं. आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. त्यात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलात तर तुम्ही करासाठी निवासी. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हे दिवस मोजा, लीप वर्ष नसेल तर बरोबर १८२ भरतात. (६० दिवसांचा दुसरा एक नियम आहे, पण त्यासाठी आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे असावे लागतात. तुमच्या सुट्ट्या तेवढ्या होत नाहीत.) म्हणजे एक-दोन दिवसांनी दर्जा बदलतो. मात्र त्याच वर्षी एप्रिलनंतर सुट्टीवर आला असाल तर तेही दिवस धरायचे.

निवासी झालात तरी पहिलं एक-दोन वर्षं तुम्ही बहुधा 'निवासी पण सामान्य निवासी नाही' या वर्गात याल, कारण आधीच्या सात वर्षांत तुमचे भारतातले दिवस ७२९ च्या आत दिसतात. त्या काळात जर्मन बँकेतल्या व्याजावर इथे कर लागत नाही. पण पगाराबाबत गैरसमज नको. ग्वाल्हेरला बसून केलेल्या कामाचा पगार भारतात कमावलेला धरतात, मग तो युरोमध्ये म्युनिकच्या खात्यात पडला तरी.

त्यामुळेच पहिला पर्याय अवघड आहे. दोन्ही देशांतल्या कराविषयीच्या करारानुसार तुम्ही इथल्या निवासी झालात आणि काम इथून केलंत की त्या पगारावर कर भारताचा. जर्मन पेरोल तिथे कर कापत राहिलं तर परत मागायची खटपट तुमच्या गळ्यात पडेल. इकडे टीडीएस कापणारं कुणी नाही, म्हणून जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखांना ॲडव्हान्स टॅक्स स्वतः भरायचा, नाहीतर व्याज. आणि मोठ्या कंपन्या नकार देतात तो वेगळ्याच कारणाने: तुमच्यामुळे भारतात त्यांचं 'कायमस्वरूपी आस्थापन', म्हणजे धंद्याचं कायमचं ठिकाण, आहे असं ठरलं तर कंपनीच्या नफ्यावरच इथे कर मागितला जाऊ शकतो. तुम्ही ग्राहकांशी करार करता का? नुसतं कोडिंग असेल तर धोका कमी, पण त्यांचे वकील हे विचारणारच.

बाड्याजवळचा

मी ग्वाल्हेरमध्येच राहतो, परदेशी कंपनीसाठी चार वर्षं काँट्रॅक्टर आहे. फायदा खरा आहे. तुमचा व्यवसाय सरकारच्या यादीत बसत असेल आणि रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर ७५ लाखांपर्यंतच्या जमेवर निम्मी रक्कमच उत्पन्न धरतात. सगळे याला ४४एडीए म्हणतात. नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, तरी सीएला हेच नाव सांगा, त्याला कळतं. वर्षाला २० लाखांवर गेलात की जीएसटी नोंदणी लागते. सेवानिर्यातीवर जीएसटी शून्य, पण त्यासाठी दरवर्षी एलयूटी (सरकारला द्यायचं हमीपत्र) भरावं लागतं. मी एका वर्षी ते विसरलो आणि निस्तरताना फार त्रास झाला. बँकेकडून प्रत्येक रकमेचा परकीय चलन आल्याचा दाखला मागून ठेवा.

पण तुमच्या बाबतीत मी "नको" म्हणेन. तुम्ही त्यांच्याच लॅपटॉपवर, त्यांच्याच मॅनेजरच्या हाताखाली, रजा मंजूर करून घेऊन काम करणार. याला काँट्रॅक्टर म्हणणं कागदावर टिकत नाही. जर्मनीत या खोट्या स्वयंरोजगाराकडे फार कडक नजरेने बघतात. कंपनीला सुद्धा हे माहीत असणार.

सुरसागर (वडोदरा)

गोठवालीताई, माझंही असंच झालं होतं. वडिलांच्या डायलिसिससाठी परत आलो, कंपनीच्या आग्रहाने काँट्रॅक्टर झालो. चौदा महिन्यांनी एक ईमेल आलं: पंधरा दिवसांत करार समाप्त. नोटीस पीरियड नाही, ग्रॅच्युइटी नाही, पीएफ नाही. वडिलांचा डायलिसिस आठवड्यातून तीनदा होता आणि तो थांबवता येत नव्हता. त्या पंधरा दिवसांत मी काय अनुभवलं ते इथे लिहीत नाही. तुमच्या घरात आजारपण असताना केवळ मोठा आकडा बघू नका.

गोठवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. सुरसागरदादा, तुमचा प्रतिसाद वाचून मी काल रात्रीच मॅनेजरला लिहिलं की काँट्रॅक्टर होणार नाही, ईओआरवर बोलू. आज फोन झाला. ते तयार आहेत, पण मध्यस्थाची फी धरून माझा हातातला पगार कमी होईल. मी मान्य केलं. पगारपत्रक, पीएफ आणि दोन महिन्यांची नोटीस मला लेखी हवी आहे, तेवढंच मागितलं. त्यांच्या डेटा सुरक्षावाल्यांनी वेगळीच अट घातली आहे: ग्राहकांचा डेटा भारतातून उघडायचा असेल तर आधी करारात कलमं वाढवावी लागतील. त्याला महिनाभर लागेल.

हिशेबवहीदादा, दोन गोष्टी राहिल्या. माझं एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीचं) खातं परत आल्यावर निवासी करून घ्यावं लागेल ना? आणि जर्मनीत भरलेलं पेन्शन बुडेल का?

हिशेबवही (इंदूर)

खातं हो, लगेच. कायमच्या परतल्यावर एनआरई तसंच ठेवता येत नाही. युरो युरोतच ठेवायचे असतील तर आरएफसी, म्हणजे निवासींसाठीचं परकीय चलनाचं खातं उघडा. पेन्शन बुडत नाही. किमान पाच वर्षं भरावं लागतं आणि तुमची सहा झाली आहेत. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे, वय झालं की ते इथेही मिळेल. एक काम मात्र निघण्याआधीच करा: तुमचा जर्मन निवासपरवाना सहा महिने देशाबाहेर राहिल्यावर रद्द होऊ शकतो. परदेशी नागरिक कार्यालयाकडे जास्त मुदतीसाठी आधी अर्ज करून ठेवा. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा परवाना) असेल तर मुदत बारा महिने.

गोठवाली

ब्लू कार्डच आहे, तरीही अर्ज करते. आईला आज सांगितलं. ती काही बोलली नाही, पण थोड्या वेळाने मावशीचा फोन आला की वरच्या खोलीतल्या गाद्या उन्हात टाकायला सांगितल्या आहेत.

बाड्याजवळच्या दादा, आता एकच. मे-जूनमध्ये दुपारी वीज गेली तर चार तास एसी सोडून लॅपटॉप, राउटर आणि एक पंखा चालेल एवढा इन्व्हर्टर किती मोठा घ्यावा? आणि जुन्या वाड्याच्या जाड भिंतींतून वायफाय वरच्या खोलीत पोचतं का, की वायरच ओढून घ्यावी?